रस्त्यावरच्या जबाबदारीचे माप

जळगाव शहरातून जाणाऱ्या महामार्गावर कोणी पायी चालणारा वाहनाखाली सापडला की चौकात दोन वाक्ये ऐकू येतात. एक, ‘गाड्या बेफाम पळवतात.’ दुसरे, ‘हाच मध्ये आडवा आला असेल.’ थोड्या वेळाने कोणी समजूतदार माणूस दोन्हींची बेरीज करतो. टाळी एका हाताने वाजत नाही, चूक दोघांचीही असते, तेव्हा जबाबदारीही दोघांनी घ्यायला हवी, असे तो म्हणतो. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानाचे फलक, शाळांमधल्या निबंध स्पर्धा, उद्घाटनाची भाषणे, सगळीकडे हेच तिसरे वाक्य फिरत असते. ते ऐकायला न्याय्य वाटते, कारण त्यात कोणाचीच बाजू घेतलेली नसते. माझ्या मते ते वरवरचे आहे. जबाबदारी दोघांची म्हटली की ती किती आणि कोणाची हे मोजण्याचे काम थांबते, आणि रस्ता आहे तसा राहतो.

जबाबदारी सामायिक आहे, याबद्दल वाद नाही. वाद तिच्या मापाबद्दल आहे. घरातले शाळकरी पोर आणि कर्ता माणूस दोघेही घराचेच असतात, म्हणून दोघांनी घरखर्च निम्मा-निम्मा उचलावा असे कोणी म्हणत नाही. रस्त्याच्या बाबतीत मात्र आपण तसेच म्हणत आलो आहोत. माझे प्रतिपादन असे की रस्त्यावरची जबाबदारी तीन मापांनी ठरवली पाहिजे. कोण किती इजा करू शकतो, कोणासमोर किती पर्याय होते, आणि अपघाताच्या आधी परिस्थिती बदलण्याचा अधिकार कोणाकडे होता. ही मापे लावली की पायी चालणाऱ्याचा वाटा शून्य होत नाही, पण तो सर्वांत लहान ठरतो. वाहन चालवणाऱ्याचा वाटा त्याहून कितीतरी मोठा निघतो. आणि चौकातल्या चर्चेत ज्यांचे नावही निघत नाही, त्या रस्ता आखणाऱ्या आणि राखणाऱ्या यंत्रणांचा वाटा सर्वांत आधी मोजावा लागतो.

आकड्यांचे रकाने

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते, म्हणजे दिवसाला सरासरी नव्वद. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ जणांचा बळी गेला. याबाबतीत आपल्या पुढे फक्त उत्तर प्रदेश आणि तमिळनाडू होते. देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा हिस्सा दोन टक्क्यांच्या आसपास आहे, पण मृत्यूंमधला त्यांचा हिस्सा ३६ टक्के भरला. सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावर घडले. ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंसमोर पोलिसांनी अतिवेग हे कारण नोंदवले.

हे आकडे शिस्तीच्या नेहमीच्या कथेशी जुळत नाहीत. घाट, अवघड वळण, गर्दीचा चौक ही आपल्या मनातली धोक्याची चित्रे आहेत. प्रत्यक्षात माणसे जास्त मरतात ती रुंद, सरळ, गुळगुळीत रस्त्यावर, जिथे वेग घेता येतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. नियमभंगाच्या तक्त्यात अतिवेग, दारू, उलट दिशेने वाहन चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइल असे रकाने आहेत. हे सगळे रस्ता वापरणाऱ्याचे दोष. ‘ओलांडायला जागाच नव्हती’ किंवा ‘दिवे बंद होते’ हा नियमभंग म्हणून कोणाच्या नावावर मांडण्याची सोय त्यात नाही. ज्या दोषाला रकाना नाही तो दोष हळूहळू दिसेनासाच होतो, आणि मग उरतात दोनच आरोपी, चालवणारा आणि चालणारा.

पहिले माप : कोण किती इजा करू शकतो

पायी चालणाऱ्या माणसाने कितीही चुका केल्या तरी त्याच्या हातून ट्रकच्या केबिनमधला माणूस मरत नाही. त्याच्या चुकीने चालकाला अचानक ब्रेक मारावा लागेल, एखादा दुचाकीस्वार घसरून पडेल, हे मान्य. पण टक्कर झाली तर मरणार कोण, हे टक्कर होण्याआधीच ठरलेले असते. हा फरक वजनाचा आहे आणि त्याहून जास्त वेगाचा आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीची धडक बसलेला प्रौढ पादचारी दगावण्याची शक्यता २० टक्क्यांहून कमी असते. तीच ताशी ८० किलोमीटरला ६० टक्क्यांच्या जवळ जाते. रस्ता तोच, चालणारा तोच, त्याची चूकही तीच. बदलतो फक्त काटा, आणि काटा ज्याच्या पायाखाली असतो तो एकटा चालक असतो.

शिस्तीने सगळे निभावते असे मानणाऱ्यांनी पळासनेरची आठवण ठेवावी. ४ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशाकडून धुळ्याकडे येणाऱ्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. शिरपूर तालुक्यातल्या पळासनेर गावाजवळ त्याने पुढच्या वाहनांना धडक दिली आणि तो रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे गेली. त्यांच्यात थांब्यावर बसची वाट पाहत असलेले लोकही होते. ते रस्ता ओलांडत नव्हते, कोणाच्या हातात मोबाइल होता की नाही याने काही फरक पडणार नव्हता. बिजासन घाटाचा उतार उतरून येणाऱ्या जड वाहनांचे ब्रेक तापतात, हे त्या मार्गावरच्या प्रत्येक चालकाला ठाऊक असते. तरी उताराच्या पायथ्याशी हॉटेल, थांबा आणि गाव एका रांगेत आहेत. त्या सकाळी तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या पदरात जबाबदारीचा निम्मा वाटा कसा टाकणार?

आपल्या कायद्याने हे असमान माप फार पूर्वीच स्वीकारले आहे. प्रत्येक वाहनाला त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे, पायी चालणाऱ्याला कसलाही विमा सक्तीचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली वाहनाच्या धडकेत मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात, आणि त्यासाठी चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. चूक न पाहता भरपाई, हे तत्त्व १९८२ च्या दुरुस्तीपासून आपल्या मोटार कायद्यात आहे. त्यामागचा विचार सरळ आहे. ज्याने जीवघेणी वस्तू सार्वजनिक जागेत आणली त्याने तिचा धोका आधी पत्करावा. नेदरलँड्समध्ये तर सायकलस्वार किंवा पादचाऱ्याला धडक बसली की नुकसानीची जबाबदारी मुळात मोटारचालकाची धरली जाते, आणि आपण सुटावे असे त्याला वाटत असेल तर त्याला तसे सिद्ध करावे लागते. आपल्याकडे न्यायालयांच्या निकालांत हा विचार मुरला आहे. बोलण्यात तो उतरलेला नाही.

दुसरे माप : समोर पर्याय कोणता होता

महामार्ग जळगावला पूर्व-पश्चिम चिरत जातो. जुना क्रमांक सहा, आताचा त्रेपन्न. उत्तरेला जुने गाव, रेल्वे स्टेशन आणि बाजारपेठ. दक्षिणेला महाबळ, रामानंदनगर आणि गेल्या चाळीसेक वर्षांत उभ्या राहिलेल्या वसाहतींचा पसारा. पश्चिमेला गिरणेवरच्या बांभोरी पुलाकडे विद्यापीठ, पूर्वेला अजिंठा चौफुली. म्हणजे या शहरात रोजच्या जगण्याचा अर्थच महामार्ग ओलांडणे असा आहे. दूध, शाळा, दवाखाना, देऊळ, कामाचे ठिकाण यांतले काहीतरी पलीकडे असतेच. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली ती याच कारणाने. पुढे शहरातला पट्टा चौपदरी झाला, दुभाजक आले, काही ठिकाणी भुयारी मार्ग झाले. एवढ्याने ओलांडणे सोपे झाले का, हे जरा जवळून पाहू.

चौपदरी रस्त्याची एक बाजू घ्या. साडेतीन मीटरच्या दोन मार्गिका, शिवाय दीड मीटरची साइडपट्टी, मिळून साडेआठ मीटर. गुडघे दुखणारी सत्तर वर्षांची बाई सेकंदाला ०.८ मीटर चालते असे धरू. दुभाजकापर्यंत पोचायला तिला साडेदहा सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्या वेळात ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सुमारे २३५ मीटर अंतर कापते. म्हणजे पाऊल टाकण्याआधी तिने २३५ मीटरवरची गाडी पाहून तिच्या वेगाचा अंदाज बांधायचा आहे. एवढ्या अंतरावरून समोर येणारी गाडी डोळ्याला जवळपास स्थिर ठिपक्यासारखी दिसते. ती चाळीसने येते आहे की ऐंशीने हे तरुण, तीक्ष्ण नजरेच्या माणसालाही नीट सांगता येत नाही. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना तर मुळीच नाही. संध्याकाळी सातनंतर हाच हिशेब दोन पांढऱ्या दिव्यांच्या चकाकीत करायचा असतो, आणि त्या प्रकाशामागे ट्रक आहे की स्कूटर हेही कळत नाही.

आता चालकाच्या जागी बसून पाहा. डिपर मारलेल्या दिव्यांत त्याला साधारण पन्नास मीटरपर्यंतचे नीट दिसते. ऐंशीच्या वेगात समोर कोणी आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे तेहतीस मीटर जातात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या अवस्थेतली मोटार थांबायला आणखी छत्तीस-सदतीस मीटर लागतात. बेरीज सत्तरच्या घरात. जे पन्नास मीटरवर दिसते त्याच्यासाठी सत्तर मीटरात थांबणे याचा अर्थ, बाईने कितीही काळजी घेतली आणि चालक कितीही सावध असला तरी त्या वेगाला टक्कर अटळ आहे. हीच गाडी ताशी पन्नासने असेल तर एकूण अंतर पस्तीस मीटरच्या आसपास भरते, आणि ती थांबते. म्हणून ‘दोघांनी लक्ष द्या’ हा उपदेश ऐंशीच्या वेगाला निरर्थक होतो. लक्ष देऊन उपयोग व्हावा अशी परिस्थिती आधी निर्माण करावी लागते.

यावर ठरलेले उत्तर असते की पादचारी पूल बांधा, भुयारी मार्ग द्या, आणि तरीही जे वरूनच जातील त्यांना दंड करा. पूल उभा राहिला म्हणजे पर्याय मिळाला असे होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो. दुपारी दोन वाजता हातात पिशवी आणि कडेवर मूल असलेल्या बाईने तीन-चारशे मीटर उन्हात चालत जावे, तापलेल्या लोखंडी पायऱ्या चढाव्यात, उतराव्यात आणि तितकेच अंतर परत यावे, ही अपेक्षा कागदावरच शोभते. भुयारी मार्ग रात्री अंधारा असेल, पावसाळ्यात त्यात पाणी साचत असेल, तर मुली तो टाळणारच, आणि त्यांचे बरोबर असेल. पायी चालणारा माणूस वळसा मीटरमध्ये मोजत नाही, तो दमणुकीत मोजतो. दुभाजकाचे कुंपण जिथे वाकवलेले दिसते तिथे लोकांची गरज काय आहे हे लोकांनीच खूण करून ठेवलेले असते. रस्त्याच्या अभियंत्याला याहून चांगला नकाशा कोण देणार?

फूटपाथचीही तीच गत. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत पायी चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा आणि १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नसलेली कड सांगितली आहे. आपल्या शहरांत फूटपाथ असतो तिथे तो गुडघाभर उंच असतो, दर वीस पावलांवर गेटच्या उतारासाठी तुटतो, त्यावर विजेची डीपी असते, लोटगाडी असते, दुकानाची पायरी असते. चालणारा खाली उतरतो, आणि खाली उतरताच बेशिस्त ठरतो. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फूटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. त्या दृष्टीने पाहिले तर फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर गाड्यांमधून वाट काढणाऱ्या माणसाचा हक्क डावलला गेलेला असतो, आणि आपण त्याच्याकडेच बोट दाखवतो.

धुळ्याचा आग्रा रोड या बाबतीत बोलका आहे. नावच सांगते की हा मुंबई-आग्रा मार्ग. आज तो बाजाराचा रस्ता आहे आणि महामार्गाची जड वाहतूक गावाबाहेरून जाते. पाचकंदील भागात संध्याकाळी उभे राहून पाहिले तर शिस्तीचा एकही नियम धडपणे पाळला जाताना दिसणार नाही. लोटगाड्या, रिक्षा, उलट येणाऱ्या दुचाकी, रस्त्याच्या मधोमध उभे राहून भाव करणारी माणसे. बेशिस्त हेच मृत्यूचे मूळ असते तर हा रस्ता सर्वांत जीवघेणा ठरायला हवा. पण इथे वेगच नसतो. धक्का लागतो, भांडण होते, आरसा फुटतो. गावाबाहेर पांढरे पट्टे, दुभाजक, फलक सगळे नीटनेटके आहे, आणि तिथे एका चुकीला दुसरी संधी मिळत नाही. याचा अर्थ आग्रा रोड आदर्श आहे असा नाही. तिथला गोंधळ चालणाऱ्यांनाही नकोसा आहे. अर्थ एवढाच की माणसाचा जीव घेणारी गोष्ट कोणती, हे ओळखण्यात आपण चुकतो.

तिसरे माप : अधिकार कोणाच्या हाती

अपघात क्षणात घडतो, पण तो घडवणारे निर्णय कित्येक वर्षे आधी झालेले असतात. दुभाजकात कट कुठे ठेवायचा, दिव्यांचे वीजबिल महापालिकेने भरायचे की महामार्गाच्या यंत्रणेने, शाळेचे फाटक महामार्गाकडे उघडू द्यायचे की नाही, वेगमर्यादा किती ठेवायची. यांतला एकही निर्णय चालकाच्या किंवा पादचाऱ्याच्या हातात नसतो. वेगमर्यादेचेच पाहा. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींची कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे. चौपदरी महामार्गावर ती १०० आहे. स्थानिक प्रशासनाने ती खाली आणली नाही तर शाळेसमोरून सत्तरने जाणारा चालक कायद्याच्या आत असतो. जिथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तिथे ताशी ३० ही मर्यादा असावी, अशी शिफारस २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने केली आहे. तीस आणि सत्तर यांच्यामध्ये जे जीव जातात त्यांची जबाबदारी चालकावर आणि पादचाऱ्यावर वाटून टाकणे म्हणजे मर्यादा ठरवणाऱ्याला हिशेबातून वगळणे.

‘अपघातप्रवण क्षेत्र’ अधिकृतपणे ठरवण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, तर त्या जागेला तसे म्हणायचे. उपायाचा क्रम इतक्या मृत्यूंनंतर लागतो. चौकाची रचना, अंधार, ओलांडणाऱ्यांची संख्या आणि वाहनांचा वेग पाहून धोका आधीच ओळखता येतो, हे शास्त्र जुने आहे. तरी आपण आधी मृत्यू मोजतो. अधिकार असून तो न वापरणे ही जबाबदारीच्या हिशेबातली सर्वांत मोठी रक्कम आहे.

पांझरेच्या फडातली वाटणी

सामायिक जबाबदारी म्हणजे काय, हे खानदेशाला बाहेरून शिकण्याची गरज नाही. पांझरेच्या काठी शेकडो वर्षे चालत आलेली सिंचनाची फड पद्धत हा त्याचाच नमुना आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड. पाणी सगळ्यांचे, पण काम सगळ्यांचे सारखे नाही. पाणी सोडणारा पाटकरी वेगळा, राखण करणारा जागल्या वेगळा, देखरेखीचा हवालदार वेगळा. दुरुस्तीचा खर्च ज्याच्या त्याच्या क्षेत्राच्या प्रमाणात. शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याला त्याचे नियम होतेच; आपल्या पाळीबाहेर पाणी घेतले तर त्यालाही जाब द्यावा लागे. पण बंधारा फुटला तर त्याला कोणी असे विचारत नसे की तुझी चारी तू नीट राखली होतीस का. आधी बंधारा, मग पाट, मग चारी, असा जबाबदारीचा उतार पाण्याच्या उतारासारखाच होता. रस्त्याच्या व्यवस्थेत आपण हा उतार उलटा केला आहे. प्रश्न चारीपासून सुरू होतो आणि बंधाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल की हे पादचाऱ्याला मोकाट सोडणे झाले. तसे नाही. पायी चालणाऱ्याची कर्तव्ये खरी आहेत आणि ती पाळल्याने जीव वाचतात. फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. मुलाला आपल्या आतल्या बाजूला धरावे. रात्री अंगावर फिकट कपडे किंवा हातात बॅटरी असावी. ओलांडताना फोन खिशात असावा. उजेडाचा, कोरडा भुयारी मार्ग जवळ असेल तर तोच वापरावा, आणि दारू पिऊन महामार्गावर येणाऱ्याचा बचाव मी करणार नाही. माझे म्हणणे क्रमाचे आहे. पर्याय दिल्यानंतर तो नाकारणाऱ्याला जाब विचारता येतो. पर्याय न देता विचारलेला जाब म्हणजे अन्याय. लहान मुलांच्या बाबतीत तर न्यायालयेही सहभागी हलगर्जीचा मुद्दा प्रौढांसारखा लावत नाहीत, कारण समज येण्याआधी दोष येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. वाहनचालक म्हणजे बलवान आणि पादचारी म्हणजे दुबळा, ही विभागणी भाबडी नाही का? २०२२ मध्ये रस्त्यावर मेलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हप्त्यावर घेतलेल्या गाडीवरून एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार कोणत्या अर्थाने बलवान? आणि ट्रकचालक तरी? आक्षेप बरोबर आहे, आणि त्याने माझ्या मुद्द्याला बळच मिळते. इथे दोन गट नाहीत, जिना आहे. दुचाकीस्वार पादचाऱ्यापुढे बलवान असतो आणि वाळूच्या डंपरपुढे दुबळा. प्रत्येकाने आपल्या खालच्या पायरीकडे पाहून गाडी चालवायची. ट्रकचालकाच्या वरही पायऱ्या आहेत. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा घातली होती. ती मोडून झोप न झालेल्या माणसाला रात्री रस्त्यावर पाठवणाऱ्या मालकाचे नाव अपघाताच्या बातमीत येत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला आणि त्यावर बसलेले १५ मजूर गेले. मालाच्या ट्रकवर बसू नये हा नियम त्यांनी मोडला होता. पण मजुरीच्या गावाहून रात्री घरी पोचायला दुसरे काय उपलब्ध होते, हा प्रश्न त्या नियमाच्या आधी येतो.

तिसरा आक्षेप विकासाचा. महामार्ग वेगासाठीच असतो, रावेर-यावलची केळी वेळेत दिल्लीला पोचली पाहिजे, प्रत्येक गावात गाडी हळू केली तर व्यापार बसेल. हिशेब करून पाहू. शहरातला पट्टा सात किलोमीटरचा धरला तर ताशी ऐंशीने तो पार करायला सव्वापाच मिनिटे लागतात, पन्नासने सुमारे साडेआठ. फरक तीन मिनिटांचा. हजार किलोमीटरहून लांबच्या प्रवासात एका शहरामागे तीन मिनिटांनी केळी पिकून जात नाहीत. आणि जिथे लांबच्या वाहतुकीला खरोखर वेग हवा तिथे ती शहराबाहेरून न्यायची. पाळधी ते तरसोद वळणमार्ग त्यासाठीच आखला गेला. मात्र वळणमार्ग झाल्यावर जुन्या पट्ट्याला शहराचा रस्ता मानून त्याचा वेग उतरवणे हे वेगळे काम आहे, आणि ते आपोआप होत नाही. जड वाहने गेली की मोकळा झालेला रुंद रस्ता मोटारींना आणखी पळायला बोलावतो.

शहर महामार्गाच्या अंगावर आले, महामार्ग शहरात आला नाही, असेही म्हटले जाते. पण दक्षिणेकडच्या वसाहती काही रातोरात उगवल्या नाहीत. बिनशेती परवानगी, अभिन्यासाची मंजुरी, नळ आणि विजेची जोडणी, घरपट्टी, हे सगळे शासनाच्याच सहीने झाले. ज्या दिवशी पलीकडच्या पहिल्या अभिन्यासावर सही झाली त्या दिवशी लोक रस्ता ओलांडणार हे सही करणाऱ्याला ठाऊक होते. पैशाचा प्रश्न मी थोडक्यात आटोपतो. रंगवलेले आणि उंचावलेले झेब्रा पट्टे, त्याआधी मापात बांधलेले गतिरोधक, चालू दिवे, दुभाजकात थांबायला दोन मीटरची सुरक्षित जागा, यांना उड्डाणपुलाच्या मानाने काहीच खर्च येत नाही.

पंचनाम्यात काय लिहावे

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आले. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम क्षुल्लक आहे, पण कायद्याने तिसऱ्या आरोपीचे नाव घेतले ही गोष्ट क्षुल्लक नाही. अडचण पुराव्याची आहे. घटनास्थळाच्या पंचनाम्यात वाहनाची दिशा, ब्रेकच्या खुणा, काचांचे तुकडे, मृतदेहाची स्थिती हे सगळे येते. चालक आणि चालणारा यांच्यातला दोष ठरवायला ते पुरेसे असते. रस्त्याचा दोष ठरवायला लागणारी माहिती मात्र त्या दिवशी कोणी टिपत नाही, आणि महिनाभरात दिवा बदललेला असतो, पट्टे नव्याने रंगवलेले असतात.

१ एप्रिल २०२२ पासून अपघाताचा तपशीलवार अहवाल नव्वद दिवसांत दावा न्यायाधिकरणापुढे ठेवण्याची पद्धत लागू आहे, आणि अपघातांच्या राष्ट्रीय संगणकीय नोंदीत पोलिसांबरोबर रस्ता राखणाऱ्या खात्यांनीही आपली माहिती भरायची असते. म्हणजे चौकट तयार आहे. तिच्यात काही साध्या गोष्टी सक्तीने याव्यात. खांबावरचा दिवा त्या वेळी चालू होता का. वेगमर्यादेचा फलक होता का, आणि त्यावर आकडा कोणता. फूटपाथ होता का, आणि मोकळी रुंदी किती. बसथांबा, शाळा, दवाखाना किती अंतरावर. दुभाजकाचे कुंपण तिथे आधीपासून वाकलेले होते का. ही माहिती लिहायला अर्धा तास पुरतो आणि त्यासाठी कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही. महामार्गावरच्या पुढच्या पंचनाम्यात हवालदाराने टेप धरावी, पडलेल्या चपलेपासून जवळच्या ओलांडण्याच्या जागेपर्यंतचे अंतर मोजावे, आणि ते मीटरमध्ये, पंचांच्या सहीच्या वर लिहावे.